एचआयव्ही आणि किडनीचा वारसा: धोका कोणत्या क्रमाने तपासायचा

एचआयव्ही असलेल्यांची किडनी तपासताना लोक तीन ठिकाणी हमखास चुकतात. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, 'नॉर्मल' आलं की फाइल बंद करतात. घरात कुणाचं डायलिसिस झालं होतं एवढ्यावरून थेट जनुक चाचणीचे पैसे भरतात. आणि 'या गोळ्यांनी किडनी जाते' असं कुठेतरी ऐकून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, आपल्या मनाने बंद करतात. तिसरी चूक सगळ्यात महागात पडते, पण तिची सुरुवात बहुतेक वेळा पहिल्या दोन चुकांत असते.

म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. आधी लघवी, मग क्रिएटिनिनचं गणित, मग घराणं, मग औषधं, आणि जनुक सगळ्यात शेवटी. हे मी समुपदेशनाच्या टेबलावरून लिहिते आहे. निदान करणं आणि औषध बदलणं हे डॉक्टरांचंच काम. पण गर्दीच्या ओपीडीत मिळणाऱ्या पाच मिनिटांत डॉक्टरांपुढे कोणती माहिती ठेवायची, हे तुमच्या हातात आहे आणि त्याने खरोखर फरक पडतो.

## तयारी: तपासणीच्या आधीचे दिवस

एआरटी सेंटरचं हिरवं पुस्तक आणि जुने रिपोर्ट काढा आणि तारखेप्रमाणे लावा. एआरटी सुरू होण्याआधीचं पहिलं क्रिएटिनिन शोधून त्यावर खूण करा. पुढची सगळी तुलना त्याच आकड्याशी होणार आहे. ते सापडत नसेल तर सेंटरमधल्या तुमच्या नोंदीतून लिहून घ्या.

तपासण्या एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत करा. यादी अशी: लघवी रुटीन, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (अल्ब्युमिन हे एक प्रकारचं प्रोटीन), लघवीतलं एकूण प्रोटीन-क्रिएटिनिन प्रमाण, रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस आणि उपाशीपोटीची शुगर. त्याच दिवशीचं वजन आणि बीपीही हवं. वजन अंदाजाने सांगू नका. पुढच्या गणितात चार-पाच किलोंनी उत्तर बदलतं.

आदल्या दिवशी मटण-चिकनवर ताव मारू नका, कारण शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनिन काही तास वर जातं. जिममधली क्रिएटिनची पावडर घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. धावणं, वजन उचलणं, शेतातलं अंगमेहनतीचं काम आदल्या दिवशी कमी ठेवा, कारण त्यानेही लघवीत तात्पुरतं प्रोटीन उतरतं. ताप असेल, लघवीला जळजळ असेल किंवा पाळी चालू असेल तर तपासणी आठवडाभर पुढे ढकला.

सावध: 'किडनी साफ होऊ दे' म्हणून सकाळी लिटरभर पाणी पिऊन जाऊ नका. लघवी पातळ होते आणि लघवीत बुडवून पाहायच्या तपासणीच्या पट्टीवर प्रोटीन दिसेनासं होतं. नेहमीइतकंच पाणी प्या. आणि तपासणी आहे म्हणून त्या दिवशीची एआरटीची गोळी चुकवू नका.

## टप्पा १: लघवी, आणि तीही सकाळची पहिली

किडनीचं नुकसान रक्तात दिसण्याच्या कितीतरी आधी लघवीत दिसू शकतं. तरीही लोक रक्त देतात आणि लघवीची बाटली रिकामीच परत करतात.

उठल्यावरची पहिली लघवी घ्या. सुरुवातीची धार सोडून मधली धार बाटलीत धरा आणि बाटली दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा. घेताना नजर टाका: निरशा दुधाच्या धारेला येतो तसा दाट फेस येतो आणि बराच वेळ बसत नाही, असं रोज होत असेल तर लिहून ठेवा. फेसावरून निदान होत नाही. पण असा फेस दिसत असेल तर नुसत्या पट्टीवर विसंबू नये.

अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे. ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी आहे.

आता एक बारकावा, जो एचआयव्हीत विशेष महत्त्वाचा आहे. लघवीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, आणि अल्ब्युमिन गळतं ते किडनीच्या गाळणीतून. पण एआरटीतल्या टेनोफोविरचा त्रास होतो तो गाळणीला नव्हे, तिच्या पुढच्या बारीक नळ्यांना. तिथून गळणारी छोटी प्रथिनं पट्टीला नीट दिसत नाहीत. म्हणून यादीत दोन वेगवेगळी प्रमाणं लिहिली. एकूण प्रोटीन बरंच वाढलेलं आणि त्यात अल्ब्युमिनचा वाटा कमी, असं चित्र असेल तर बोट नळ्यांकडे जातं. अल्ब्युमिनच भरपूर असेल तर गाळणीकडे. जनुकीय धोक्याची पुढची सगळी चर्चा गाळणीच्या आजाराची आहे. हा फरक इथेच कळला तर पुढचे पैसे वाचतात.

नळ्यांच्या त्रासाची दुसरी खूण म्हणजे रक्तातली शुगर नॉर्मल असताना लघवीत साखर. त्याच्या जोडीला फॉस्फरस आणि पोटॅशियम कमी असेल, हाडं दुखत असतील, जिना चढताना मांड्यांत जोर नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

सावध: मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर लघवीत साखर येणारच. ते औषध तसंच काम करतं. हे न सांगता रिपोर्ट दाखवलात तर विनाकारण टेनोफोविरवर आळ येईल.

पुढे जाण्याआधी तपासा: एकदाच आलेलं प्रोटीन म्हणजे किडनीचा आजार नव्हे. तीन महिन्यांच्या काळात पुन्हा तपासून ते टिकून आहे का ते पाहायचं असतं. दोन-तीन नमुन्यांत तेच आलं तरच ती गळती खरी.

## टप्पा २: क्रिएटिनिनचं गणित स्वतः करा

रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या समोर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा सगळ्यांना सरसकट लावलेली असते. तुमचं वय, वजन आणि स्त्री-पुरुष फरक तिला माहीत नसतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि बारीक, अशक्त माणसात मुळात कमी तयार होतं. एचआयव्हीत वजन घटलेल्या माणसाचं क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसत राहतं आणि किडनी निम्म्यावर आलेली असू शकते.

सूत्र असं: १४० मधून वय वजा करा, त्याला किलोतल्या वजनाने गुणा. आलेल्या आकड्याला ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागा. स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. उत्तर मिलिलिटर प्रति मिनिट या मापात येतं, आणि त्यालाच क्रिएटिनिन क्लिअरन्स म्हणतात.

दोन माणसं घेऊ. दोघांचंही क्रिएटिनिन १.१.

पहिला ३५ वर्षांचा पुरुष, वजन ७० किलो. (१४० − ३५) × ७० = ७३५०. ७२ × १.१ = ७९.२. भागाकार ९२.८. किडनी उत्तम चालली आहे.

दुसरी ५२ वर्षांची बाई, वजन ४४ किलो. (१४० − ५२) × ४४ = ३८७२. भागिले ७९.२ म्हणजे ४८.९. गुणिले ०.८५ म्हणजे ४१.६.

रिपोर्टवर दोघांचाही आकडा १.१ च आहे. पण टेनोफोविर सर्वसाधारणपणे क्लिअरन्स ५० च्या खाली गेला की टाळतात. म्हणजे त्या बाईंच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी आजच बोलायला हवं. आणि त्या मात्र 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून सहा महिने निर्धास्त राहतील. हे गणित मोबाइलवर दोन मिनिटांत होतं. दर वेळी करा आणि उत्तर तारखेसह हिरव्या पुस्तकात लिहा.

काही प्रयोगशाळा 'ईजीएफआर' असा तयार आकडा छापतात. तो वेगळ्या सूत्राने काढलेला असतो, त्यामुळे एकदा हा आणि एकदा तो अशी तुलना करू नका.

सावध: नुकतीच टीएलडी गोळी सुरू झाली असेल, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र, तर पहिल्या चार आठवड्यांत क्रिएटिनिन साधारण ०.१ ते ०.२ ने वर जाऊ शकतं. डोल्युटेग्राविर क्रिएटिनिनची नळ्यांतून बाहेर पडण्याची एक वाट अडवतं, त्यामुळे ते रक्तात थोडं साठतं. गाळणीचं काम कमी झालेलं नसतं. ही वाढ एका पातळीवर थांबते. थांबली नाही, चढतच राहिली, किंवा लघवीही बिघडलेली असेल, तर मात्र ती खरी समजायची. संसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्यांनीही अशीच फसवी वाढ होते, शिवाय पोटॅशियम वाढू शकतं.

## टप्पा ३: घराणं कागदावर उतरवा

'आमच्याकडे किडनी आहे' एवढ्या वाक्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. कुणाला, कितव्या वर्षी आणि कशामुळे, हे हवं.

एक कोरा कागद घ्या. खाली तुम्ही आणि सख्खी भावंडं, वर आई-वडील, त्यांच्या शेजारी काका, आत्या, मामा, मावशी, त्यांच्या वर आजी-आजोबा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. प्रत्येकापुढे वय, आणि गेले असतील तर कितव्या वर्षी गेले. मग एकेकासाठी पाच गोष्टी विचारा: डायलिसिस किंवा किडनी बदलली होती का, तोंडाला-पायांना सूज यायची का, बीपी तरुणपणीच लागलं का, साखर होती का, कमी ऐकू यायचं का.

बायकांकडून इथे एक चूक सारखी होते. लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात, 'आमच्या घरात' म्हणताना सासरे आणि दीर डोळ्यांसमोर येतात आणि त्यांचीच दुखणी लिहिली जातात. तुमचा स्वतःचा वारसा माहेरचा आहे. सासरची माहिती तुमच्या मुलांसाठी लागेल, तिचा कागद वेगळा करा.

दुसरा प्रश्न लाजून टाळला जातो: आई-वडिलांचं लग्न नात्यात झालं आहे का? मामाच्या मुलीशी किंवा सख्ख्या भाचीशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत रीतीने होत आलं आहे. त्यात कुणाचा दोष नाही. पण आई-वडील दोन्हीकडून जनुकाच्या सारख्याच बिघडलेल्या प्रती मिळाल्या की दिसणारे काही आजार अशा घरात जास्त आढळतात. म्हणून ते लिहा.

माहिती काढताना स्वतःचं एचआयव्हीचं निदान सांगायची अजिबात गरज नाही. पुष्कळ जण त्याच भीतीने विचारतच नाहीत. "आत्या, आप्पांना शेवटी शेवटी पायाला सूज यायची ना गं? त्यांचं डायलिसिस झालं होतं का? डॉक्टर घरातल्या किडनीचं विचारत होते." एवढं पुरतं, आणि यातलं अक्षरही खोटं नाही. कुणी खोदून विचारलंच तर बीपी-शुगरच्या तपासणीतही हे प्रश्न असतातच.

कागद भरला की तो असा वाचा.

आजोबा, वडील, भाऊ असा पिढ्यान् पिढ्या आजार आणि सोनोग्राफीत किडनीवर पाण्याचे फोड असतील, तर तो पॉलिसिस्टिक किडनीचा आजार असू शकतो. तो आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते. इथे पहिली तपासणी सोनोग्राफीची, जनुकाची नव्हे.

पुरुषांनाच तरुण वयात आजार, लघवीतून रक्त आणि जोडीला बहिरेपणा असं असेल तर अल्पोर्ट नावाचा आजार मनात ठेवावा लागतो. हा शब्द कागदाच्या कोपऱ्यात लिहून न्या.

साठीनंतर साखर आणि बीपीतून किडनी गेली, असं दोन-तीन जणांबाबत असेल, तर तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा की साखर आणि बीपी आत्तापासून ताब्यात ठेवायचं. आपल्याकडे सगळ्यात जास्त घरांत सापडतं ते हेच.

सावध: एकाच घरात चार जणांची किडनी बिघडली म्हणजे कारण रक्तातच असेल असं नाही. ती चौघं एकाच विहिरीचं पाणी प्यायलेली असतात, एकाच उन्हात राबलेली असतात. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. गोव्यात काणकोण तालुक्यात साखर-बीपी नसलेल्यांमध्येही किडनीचा जुनाट आजार आढळला आहे. म्हणून प्रत्येक नावापुढे गाव आणि काम लिहा. त्याच गावच्या, नात्यात नसलेल्या शेजाऱ्यांनाही तोच त्रास असेल तर तेही लिहा.

## टप्पा ४: औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा

यादी तोंडी सांगू नका. घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या पिशवीत घालून न्या. पिशवी रिकामी केली की 'अधूनमधून'ची औषधं बाहेर पडतात, आणि किडनीचं उत्तर बहुतेक वेळा त्यांच्यातच असतं.

पहिली शोधायची ती दुखण्यावरची गोळी: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, एसिक्लोफेनॅक. गुडघेदुखी, पाठदुखी, दातदुखी, काहीही असो, मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय मिळते. टेनोफोविर चालू असताना या गोळ्यांनी किडनी अचानक बसू शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं का, हे एकदा डॉक्टरांना विचारून ठेवा आणि मेडिकलमध्ये तेच मागा.

मग टीबीसाठी अमिकॅसिनसारखी इंजेक्शनं झाली होती का ते पाहा. एआरटी दुसऱ्या टप्प्याची असेल तर अटॅझानाविर आणि रिटोनाविर आहेत का ते बघा. त्यांच्यासोबत टेनोफोविरची रक्तातली पातळी वाढते, आणि अटॅझानाविरने मुतखडेही होतात.

पुड्यांकडे दुर्लक्ष करू नका. पारा किंवा शिसं असलेल्या भस्मांनी किडनी बिघडू शकते. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ती, देणारा कितीही ओळखीचा असला तरी, तपासणी पूर्ण होईपर्यंत घेऊ नका.

मधुमेहाचं मेटफॉर्मिन असेल तर डोल्युटेग्राविरसोबत त्याची पातळी वाढते. म्हणून दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात, आणि किडनी मंदावली असेल तर त्याहूनही कमी. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली औषधं उपाशीपोटी डोल्युटेग्राविरबरोबर घेतली तर ते शरीरात नीट शोषलं जात नाही. डोल्युटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या.

सावध: यातलं काहीही सापडलं तरी टेनोफोविर स्वतः बंद करू नका. एक कारण सगळ्यांना माहीत आहे: विषाणू पुन्हा वाढतो, आणि वाढलेला विषाणूच किडनीचा मोठा शत्रू आहे. दुसरं कमी माहीत आहे: तुम्हाला हेपॅटायटिस बीसुद्धा असेल तर त्यालाही हीच गोळी दाबून ठेवते, आणि ती अचानक थांबली तर यकृताचा आजार भडकू शकतो. बदल करायचा तर हेपॅटायटिस बीचा रिपोर्ट समोर ठेवूनच.

## टप्पा ५: जनुक चाचणी कुणाला, आणि रिपोर्ट कसा वाचायचा

आता तो प्रश्न. एचआयव्हीत किडनी बिघडवणारं जनुक आहे का? हो, आहे, आणि त्याचा परिणाम फार मोठा आहे. पण ते कोणाच्या वंशात आढळतं हे कळल्याशिवाय चाचणी निरर्थक आहे.

एचआयव्हीमुळे थेट होणारा एक गाळणीचा आजार आहे. डॉक्टर त्याला एचआयव्हीएएन म्हणतात. त्यात गाळणीचे गुच्छ कोसळतात, लघवीतून भरपूर प्रोटीन जातं आणि उपचार न झाल्यास काही महिन्यांत किडनी निकामी होऊ शकते. हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांतच इतका का होतो, याचं बरंचसं उत्तर २०१० साली मिळालं: २२ व्या गुणसूत्रावरचं एपीओएल-१ हे जनुक. त्याचे जी-१ आणि जी-२ हे दोन बदल झोपेच्या आजाराच्या परजीवीपासून संरक्षण देतात, म्हणून ते आफ्रिकेत, विशेषतः पश्चिम आफ्रिकेत, टिकले आणि पसरले. तिथून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांत ते अमेरिकेतही आहेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी साधारण १३ टक्क्यांत दोन्ही प्रती धोक्याच्या असतात. दोन्ही प्रती तशा असलेल्यांत एचआयव्हीएएनची शक्यता अमेरिकेतल्या अभ्यासात सुमारे २९ पट आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात सुमारे ८९ पट निघाली. याउलट इथिओपियाच्या लोकांत हे बदल जवळपास नाहीत, आणि एचआयव्ही असूनही तिथे हा आजार जवळपास दिसत नाही.

भारतीय वंशाच्या लोकांतही हे बदल सहसा आढळत नाहीत. महाराष्ट्रातल्या घराण्यात किडनीचा आजार आहे म्हणून एपीओएल-१ ची चाचणी करणं म्हणजे नसलेल्या प्रश्नावर पैसे घालवणं. उत्तर जवळपास ठरलेलं असतं: 'धोक्याचे बदल नाहीत.' मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच उत्तराची. माणूस सुटकेचा श्वास टाकतो, लघवी तपासायची थांबवतो, आणि टेनोफोविर, साखर, बीपी यांचा धोका मात्र होता तिथेच असतो.

चाचणीचा विचार कुणी करावा? आई किंवा वडील, किंवा त्यांच्याकडचं कुणी, आफ्रिकी वंशाचं असेल तर. पुण्या-मुंबईत शिकायला आलेले आफ्रिकी विद्यार्थी, आफ्रिकी जोडीदाराशी लग्न झालेल्या मराठी कुटुंबांतली मुलं, अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढलेली अशी मिश्र कुटुंबं, यांच्यासाठी हा प्रश्न खरा आहे. मुरुड-जंजिऱ्याच्या किंवा कर्नाटक-गुजरातच्या सिद्दी समाजातल्या कुणाला एचआयव्ही आणि प्रोटीनची गळती दोन्ही असतील, तर पूर्वज आफ्रिकी आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. आडनावावरून किंवा बोलण्यावरून त्यांना ते कळणार नाही.

रिपोर्ट वाचताना:

१. जी-० म्हणजे नेहमीची प्रत. जी-१/जी-१, जी-१/जी-२, जी-२/जी-२ या तीन जोड्या मोठ्या धोक्याच्या.

२. एकच धोक्याची प्रत असेल तर धोका दोन प्रतींच्या मानाने फारच कमी.

३. दोन्ही प्रती असल्या तरी बहुतेकांची किडनी आयुष्यभर ठीक राहते. दुसरा धक्का लागतो, आणि उपचार नसलेला एचआयव्ही हा सगळ्यात जोरदार धक्का आहे. म्हणून अशा माणसाने एआरटीचा एकही दिवस चुकवू नये आणि लघवी नियमित तपासावी.

४. हे बदल गाळणीच्या आजाराचे आहेत. टेनोफोविरने नळ्यांना होणाऱ्या त्रासाबद्दल हा रिपोर्ट काहीही सांगत नाही. त्या त्रासासाठी इतर काही जनुकांकडे बोट दाखवणारे अभ्यास आहेत, पण निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि त्यावरून कुणी औषध ठरवत नाही.

किडनीमुळे टेनोफोविर काढून अबाकाविर हे एचआयव्हीचं दुसरं औषध द्यायचं ठरलं, तर मात्र एका वेगळ्या जनुक चाचणीला खरा अर्थ आहे: एचएलए-बी ५७०१. हा प्रकार असलेल्यांना अबाकाविरची गंभीर ॲलर्जी होऊ शकते, आणि तो भारतीयांतही आढळतो. चाचणी सगळीकडे होत नाही. होत नसेल तर पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, खोकला किंवा धाप यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याच दिवशी सेंटर गाठा. एकदा या कारणाने अबाकाविर थांबवलं की ते पुन्हा कधीही घ्यायचं नाही. हिरव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

## टप्पा ६: किडनीच्या डॉक्टरांकडे जाताना

एका पानावर पाच ओळी लिहा: क्लिअरन्सचे आकडे तारखांसह, लघवीची दोन्ही प्रमाणं, शेवटचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आणि सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या), चालू औषधं, घराण्याचा निष्कर्ष. मागे घराण्याचा कागद जोडा.

क्लिअरन्स ६० च्या खाली तीन महिने टिकला, अल्ब्युमिन ३०० च्या वर गेलं, लघवीतून रक्त येतं, किंवा थोड्या आठवड्यांत आकडा झपाट्याने घसरला, तर जायलाच हवं. लघवी एकदम कमी झाली, अंगावर सूज चढली, धाप लागली तर त्याच दिवशी.

सोनोग्राफीत 'किडनीचा आकार नॉर्मल' लिहिलं म्हणून निश्चिंत होऊ नका. एचआयव्हीएएनमध्ये किडनी आक्रसत नाही, उलट मोठीही दिसू शकते. गाळणीचा नेमका कोणता आजार आहे हे बायोप्सीतूनच, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावरच, ठरतं. भारतात एचआयव्ही असलेल्यांच्या बायोप्सीत एचआयव्हीएएनपेक्षा इतर आजार जास्त निघतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. म्हणून डॉक्टर बायोप्सी सुचवत असतील तर ती टाळून जनुक रिपोर्टवर वेळ काढू नका. बायोप्सीआधी ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, ते सांगा.

एचआयव्ही आहे म्हणून बायोप्सी किंवा डायलिसिस नाकारलं, तर ते बेकायदा आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचारात भेदभाव करण्यास आणि संमतीशिवाय तुमचं निदान उघड करण्यास त्यात मनाई आहे. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि तुमच्या एआरटी सेंटरच्या समुपदेशकांना दाखवा. राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ वरही बोलता येतं.

## टप्पा ७: बदल झाल्यानंतरच्या तारखा

गळती कमी करण्यासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन सुरू झालं तर एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा औषध चालू ठेवतात. त्याहून वाढलं किंवा पोटॅशियम चढलं तर डॉक्टर बदल करतील. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर ही औषधं चालत नाहीत, हे आधीच सांगा.

टेनोफोविर बदललं असेल तर बदलानंतर महिन्याने आणि मग तीन महिन्यांनी क्लिअरन्स, फॉस्फरस आणि लघवी पाहा. नळ्यांचा त्रास बऱ्याच जणांत कमी होतो, पण प्रत्येकाचा आकडा पूर्वीच्या जागी परतत नाही. सगळं ठीक असेल आणि टेनोफोविर चालूच असेल, तर दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी.

जुलाब-उलट्यांचा दिवस वेगळा धरा. अंगातलं पाणी कमी झालं की रामिप्रिलसारखी बीपीची औषधं, मेटफॉर्मिन आणि दुखण्याच्या गोळ्या किडनीला जड जातात. त्या दिवशी कोणत्या थांबवायच्या हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. एआरटी मात्र त्या दिवशीही घ्यायची असते, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का, हे सेंटरला फोन करून विचारा.